नाव आहे, पत्ता नाही

गेल्या शनिवारी भाचा घरी राहायला आला होता. वय वर्षं आठ, व्यवसाय डायनासोर. त्याच्याबरोबर ट्रम्प कार्डं खेळत बसलो. आमच्या लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूएफची कार्डं असायची. उंची, वजन, छाती, रँक. अंडरटेकरचं पान ज्याच्या हातात तो त्या दिवसाचा राजा! आता पैलवानांच्या जागी डायनासोर आलेत. खेळ तोच. माझ्या हातात एक पान आलं, त्यावर हिरवट रंगाचा, टकलू, चिमुकला प्राणी. नाव: मायक्रोसेफेल. लांबी १ मीटर, वजन ५ किलो, वेग ताशी ४० किलोमीटर, लढाऊपणा १० पैकी ४.

मी वेग बोललो आणि डाव जिंकलो. चिरंजीवांना ते सहन झालं नाही. त्यांनी माझ्या हातातलं पान ओढून घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "मामा, याचं वजन कुणी केलं?"

पोरगं चिडून बोललं होतं, पण प्रश्न शंभर नंबरी होता. कारण त्याचं वजन कुणीही केलेलं नाही. वजन जाऊ द्या, हा प्राणी आहे की नाही हेच कुणी रीतसर सांगितलेलं नाही. रात्री पोरगं झोपल्यावर मी शोधत बसलो आणि जसजसं वाचत गेलो तसतसा माझा पारा चढत गेला. तो अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

तर मंडळी, प्रकरण असं आहे. पॅकिसेफॅलोसॉर नावाचा डायनासोरांचा एक गट होता. दोन पायांवर चालणारे, शाकाहारी, आणि डोक्यावर भरीव हाडाचा घुमट. आपण टाळकं सणकलंय म्हणतो ना, यांचं टाळकं खरोखरच दगडासारखं होतं. त्यातला मोठा भाऊ पॅकिसेफॅलोसॉरस, साधारण साडेचार मीटर लांब, आणि डोक्यावरचं हाड वीस सेंटिमीटरपेक्षाही जाड. कॅनडात आल्बर्टा प्रांतात रेड डिअर नदीकाठी डायनासोर प्रोव्हिन्शियल पार्क आहे. १९७९ सालापासून युनेस्कोचं जागतिक वारसा स्थळ. तिथल्या साधारण साडेसात कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत या घुमटवाल्यांची डोकी सापडतात. डोकी म्हणजे अक्षरशः फक्त डोक्याचा वरचा तुकडा. बाकीचं अंग नाजूक, ते कुणीतरी खाल्लं, नदीनं वाहून नेलं, कुजलं. घुमट मात्र नदीतल्या गोट्यासारखा टिकून राहतो.

याच खडकांतले काही अगदी छोटे घुमट आहेत, पाच सेंटिमीटरपेक्षाही लहान. मुठीत मावतील असे. १९९७ साली पॉल सेरेनो या अमेरिकन पुराजीवशास्त्रज्ञाचा डायनासोरांच्या उत्क्रांतीवर एक मोठा आढावालेख छापून आला. त्यातल्या एका यादीत ‘मायक्रोसेफेल’ हे नाव आहे. अर्थ: छोटं डोकं. उत्तर अमेरिकेतली बुटकी जात, अशी त्याची ओळख. बास. यादीत नाव आलं, विषय संपला. कुठला घुमट, कुठल्या संग्रहालयातला, नंबर काय, तो इतरांपेक्षा वेगळा कशावरून, काही नाही. त्यानंतर पाव शतक उलटून गेलं तरी त्याचं रीतसर वर्णन छापून आलेलं नाही.

शास्त्रात अशा नावाला ‘नोमेन नुडम’ म्हणतात. लॅटिन आहे. सरळ मराठीत सांगायचं तर नागडं नाव. अंगावर वर्णनाची लंगोटीसुद्धा नाही. :)

हा काही माझा शेरा नाही, कायदाच तसा आहे. प्राण्यांच्या नामकरणाची एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू झाली, पण त्यातली मूळ अट जुनीच आहे: १९३० नंतर दिलेल्या नावाबरोबर त्या प्राण्याचं वेगळेपण शब्दांत सांगितलेलं पाहिजे. आणि २००० पासून तर एक विशिष्ट नमुना, होलोटाइप, नेमून द्यावा लागतो. म्हणजे जगात कुणालाही शंका आली तर तो उठून त्या संग्रहालयात जाईल, तो ड्रॉवर उघडायला सांगेल आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. वर्णन नाही तर नाव नाही. त्या नावावर हक्कही नाही. उद्या दुसऱ्या कुणी हेच नाव रीतसर वर्णन करून भलत्याच प्राण्याला दिलं तर पहिल्याला काही बोलता येणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठे? नाव नाहीच तर सोडून द्या. तिथेच तर गोची आहे. शास्त्राच्या दृष्टीनं जे नाव जन्मालाच आलेलं नाही ते यादीतून यादीत, कोशातून कोशात, आणि शेवटी आमच्या भाच्याच्या हातातल्या पानावर येऊन पोचलं. आणि वाटेत त्याला लांबी, वजन, वेग, रंग आणि लढाऊपणासुद्धा मिळाला!

हा प्रकार मी ऑफिसात बघितलेला आहे. एका प्रोजेक्टवर (कंपनी आणि क्लायंट, दोघांचीही नावं गुलदस्त्यात) एका कॉन्फिग फाइलमध्ये एक फ्लॅग होता. नाव मोठं भारदस्त, किंमत ‘ट्रू’. तो काय करतो हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. ज्यानं टाकला तो केव्हाच नोकरी बदलून गेला होता. कोडमध्ये शोधलं तर त्याला वाचणारी एकही ओळ नाही. तरी प्रत्येक रिलीजच्या आधी आम्ही सगळे तो फ्लॅग ‘ट्रू’ आहे ना हे तपासायचो. चेकलिस्टमध्ये होता ना तो! एका नवीन मुलीनं त्यावर ट्रेनिंगच्या स्लाइडमध्ये दोन ओळी लिहिल्या, कारण नावावरून त्याचा अर्थ ‘उघडच होता’. पुढच्या बॅचला त्या दोन ओळी शिकवल्या गेल्या. चार वर्षांनी एकाला तो काढून टाकायचं धाडस झालं, तेव्हा काय झालं? काहीही झालं नाही. सर्व्हर जसा चालू होता तसाच चालू राहिला. चार वर्षं आम्ही एका नावाची पूजा करत होतो.

नावाची हीच तर भानगड आहे. नाव दिलं की माणसाला वाटतं, आता माहिती आहे. रिकामी खुर्ची डोळ्यांवर येते, पण खुर्चीवर रुमाल टाकला की पुढचा माणूस सरळ निघून जातो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच. फरक इतकाच की एसटीतला माणूस निदान नंतर धापा टाकत वर चढतो. इथे रुमाल १९९७ पासून पडलाय, गाडी कुठल्या कुठे गेली, आणि प्रवासी अजून आलेला नाही.

ऑफिसातल्या एका मित्राला चहाच्या टपरीवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एवढ्याशा टकल्यासाठी तू कशाला रक्त आटवतोस? लहान हाड आहे, त्यात काय मोठंसं?"

मोठंसं आहे राव. सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे लहान असणं हाच इथे कळीचा मुद्दा आहे. लहान प्राण्यांची हाडं टिकत नाहीत, त्यामुळे लहान डायनासोर किती प्रकारचे होते याचा आपल्याला नीट अंदाजच नाही. संग्रहालयं भरलीत ती अवजड मंडळींनी. २०१३ साली आल्बर्टातूनच ॲक्रोथोलस नावाचा एक घुमटवाला जाहीर झाला. त्याचं वर्णन करणाऱ्या डेव्हिड इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच मुद्दा मांडला होता. घुमट भरीव असल्यामुळे टिकतो, म्हणून लहान डायनासोरांची खरी विविधता डोकावून बघायची ती एक खिडकी आहे. आता या खिडकीतून दिसणाऱ्या सगळ्यात छोट्या डोक्यांपैकी काही ‘मायक्रोसेफेल’ या लेबलाखाली पडून असतील, तर ती वेगळी बुटकी जात आहे का, हा साधासुधा प्रश्न राहत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर त्या काळाच्या चित्रात एक नवीन प्राणी येतो. उत्तर ‘नाही’ असेल तर एक नाव खोडायचं. दोन्हीपैकी काहीही झालं तरी काम झालं म्हणता येईल. आज यातलं काहीच झालेलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ही बुटकी जात नसून दुसऱ्याच कुणाची तरी पिल्लं असू शकतात.

घुमटवाल्यांच्या घराण्यात हा गोंधळ पूर्वी झालेला आहे, आणि चांगला वाजतगाजत झालेला आहे. २००६ साली ड्रॅकोरेक्स हॉगवॉर्ट्सिया नावाचा डायनासोर जाहीर झाला. हॉगवॉर्ट्सिया, म्हणजे आपल्या हॅरी पॉटरचीच शाळा! सपाट डोकं, वर काटेच काटे, अगदी ड्रॅगन. सापडला साउथ डकोटात, ठेवलाय इंडियानापोलिसच्या मुलांच्या म्युझियममध्ये. त्याच्याही आधी, १९८३ साली, स्टायजिमोलॉक नावाचा एक जाहीर झालेला होता: थोडा घुमट, मागे लांब शिंगं. आणि मग २००९ साली जॅक हॉर्नर आणि मार्क गुडविन यांनी सांगितलं की हे तीन वेगळे प्राणी नाहीतच. ड्रॅकोरेक्स म्हणजे पोर, स्टायजिमोलॉक म्हणजे मिसरूड फुटलेला, आणि पॅकिसेफॅलोसॉरस म्हणजे बाप्या. वाढता वाढता काटे झिजत गेले आणि घुमट फुगत गेला. तीन नावं, एक प्राणी, तीन वयं. बऱ्याच अभ्यासकांना हे पटलं, काहींची कुरकुर अजून चालू आहे.

गंमत बघा. ड्रॅकोरेक्स चुकला असेल, पण तो इज्जतीनं चुकला. त्याची कवटी नंबरासकट म्युझियममध्ये आहे, वर्णन छापलेलं आहे, मोजमापं आहेत. म्हणूनच तीन वर्षांत दुसऱ्या कुणाला उठून म्हणता आलं की अहो, हे बाळ आहे. मायक्रोसेफेलला तेवढीही सोय नाही. तो चूक आहे असं सिद्ध करायला तरी काहीतरी हातात लागतं ना? ज्या बगचं ‘असं केलं की असं होतं’ लिहिलेलंच नाही, तो फिक्सही होत नाही आणि ‘हा बगच नाही’ म्हणून बंदही करता येत नाही. तो नुसता लिस्टमध्ये राहतो.

लहान ते सगळं बाळच असतं असंही नाही बरं का. दुसऱ्या बाजूनं पण सांगायला पाहिजे, नाहीतर मी पण त्या कार्डवाल्यासारखाच होईन. नॅनोटिरॅनस आठवतोय? टी-रेक्सचं छोटं रूप. त्याची कवटी मोंटानात १९४२ साली मिळाली, १९८८ साली नाव मिळालं, आणि मग कितीतरी वर्षं मारामारी चालली: ही वेगळी जात की किशोरवयातला टी-रेक्स? पारडं किशोरवयाच्या बाजूला चांगलंच झुकलेलं होतं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये लिंडसे झॅनो आणि जेम्स नेपोली यांनी एका जवळजवळ पूर्ण सांगाड्याची हाडं कापून वाढीची वलयं तपासली आणि निबंध छापला: हा पूर्ण वाढलेला आहे, हा टी-रेक्स नाही. म्हणजे बुटका खरोखरच बुटका निघाला! पण हे झालं कसं? कवटी सगळ्यांसमोर होती, वर्णन सगळ्यांसमोर होतं, भांडायला काहीतरी मटेरियल होतं.

तेव्हा मायक्रोसेफेल बाळ आहे का बुटका, यातल्या कुठल्याच बाजूनं माझी पैज नाही. प्रश्न सोडवण्याजोगा आहे. वाढत्या वयात घुमटाच्या आतलं हाड बदलतं: लहानपणी जास्त सच्छिद्र, मोठेपणी भरीव. हाडांमधले सांधे बुजत जातात. हे सगळं सीटी स्कॅनमध्ये आणि पातळ कापांमध्ये दिसतं. स्टेगोसेरस या आल्बर्टाच्याच घुमटवाल्यावर २०११ साली असं काम झालंय, सपाट डोक्यापासून घुमटापर्यंतची वाढ त्यात लावून दाखवलीय. अर्थात नुसत्या घुमटावर विसंबणंही धोक्याचं आहे. २०२५ सालीच मंगोलियातून झाव्हासेफेल रिन्पोचे नावाचा घुमटवाला जाहीर झाला, दहा कोटी वर्षांपेक्षाही जुना, जेमतेम एक मीटर लांबीचा. हा प्राणी अजून वाढीच्या वयात होता, तरी घुमट तयार! हे कळलं कारण डोक्याबरोबर हातपायही मिळाले आणि पायाच्या हाडावरून वय काढता आलं. म्हणजे छोट्याशा घुमटावरून वय सांगताना किती जपून बोलायला पाहिजे बघा. आणि आमच्या पानावर वेग ताशी ४० किलोमीटर!

लढाऊपणाचं म्हणाल तर त्याचाही अभ्यास होतो, फक्त दहापैकी चार अशा मार्कांनी नाही. २०१३ साली जोसेफ पीटरसन आणि सहकाऱ्यांनी शंभराहून जास्त घुमट तपासले, आणि सुमारे २२ टक्के घुमटांवर जखमांच्या खुणा सापडल्या. त्यावरून ही मंडळी टकरा घेत असावीत असं त्यांनी मांडलं. ‘असावीत’. या एका शब्दासाठी शंभर डोकी तपासावी लागली.

इथे कुणीतरी म्हणणारच की अहो, सेरेनो एवढा मोठा माणूस, त्याला तुम्ही काय शिकवणार? अजिबात नाही. पॅकिसेफॅलोसॉर आणि शिंगवाले ट्रायसेरॅटॉप्सवाले यांचं एकत्र घराणं आहे, त्याला मार्जिनोसेफॅलिया हे नाव १९८६ साली सेरेनो यांनीच दिलं. आणि वर्णन करायचं म्हटलं की हाच माणूस काय करतो ते आपल्या गुजरातेत दिसलंय. खेडा भागातल्या रहिओलीला १९८२ ते १९८४ मध्ये सुरेश श्रीवास्तव आणि अशोक साहनी यांनी गोळा केलेली हाडं होती. त्यांतून पुढे एक नवा शिकारी डायनासोर उभा राहिला, राजासॉरस नर्मदेन्सिस. २००३ साली जेफ्री विल्सन, सेरेनो, श्रीवास्तव, साहनी वगैरे मंडळींनी एकत्र येऊन त्याचं रीतसर वर्णन छापलं. जवळजवळ वीस वर्षं लागली, पण काम पक्कं झालं. ज्याला हे जमतं त्याच्या यादीत एक नागडं नाव पडून राहावं, म्हणूनच तर जास्त टोचतं. नवशिक्यानं कॉमेंट लिहिली नाही तर आपण समजून घेतो. आर्किटेक्टनं लिहिली नाही तर सगळी टीम ती सवय उचलते.

या राजासॉरसचा मादागास्करमध्ये एक भाऊबंद होता, त्याची कथा तर ऐकाच. १९७९ साली तिथल्या एका घुमटाचं वर्णन झालं, माजुंगाथोलस नावानं, आणि तो पॅकिसेफॅलोसॉर ठरवला गेला. दक्षिणेकडे घुमटवाला, केवढी बातमी! १९९८ साली चांगल्या कवट्या मिळाल्या आणि लक्षात आलं, हा शाकाहारी टकलू नव्हेच, हा तर डोक्यावर टेंगूळ असलेला मांसाहारी. आज त्याला आपण माजुंगासॉरस म्हणतो. केवढी मोठी चूक! पण एकोणीस वर्षांनी का होईना ती दुरुस्त झाली, कारण मूळ घुमट कुठला आणि कसा हे लिहिलेलं होतं. चुकायला सुद्धा आधी लिहावं लागतं हो.

घुमटवाल्यांचा सगळा इतिहासच असा चुकत चुकत आलेला आहे. लॉरेन्स लँबनं १९०२ साली स्टेगोसेरस हे नाव दिलं तेव्हा हातात होते फक्त घुमटाचे तुकडे. हे डोकं आहे का शिंग, हेही धड माहीत नव्हतं. नावाचा अर्थच मुळी ‘छप्पर-शिंग’. १९२४ साली चार्ल्स गिलमोरनं एका चांगल्या कवटीचं वर्णन केलं आणि दातांच्या साम्यावरून ती ट्रूडॉनची ठरवली. ट्रूडॉन म्हणजे १८५६ साली जोसेफ लायडीनं एकाच दातावरून नाव दिलेला प्राणी! मग वीसेक वर्षं हे टकले ट्रूडॉन म्हणून वावरले. १९४५ साली स्टर्नबर्गनं ते लचांड सोडवलं. लँब चुकला, गिलमोर चुकला, पण दोघांनीही काय बघितलं ते लिहून ठेवलं. लँबला तेव्हा जेवढं कळत होतं त्यापेक्षा १९९७ साली कुणालाही जास्तच कळत होतं, मग दोन पानं लिहायला काय हरकत होती?

मान्य, वर्णन लिहिणं हे फुकटचं काम नाही. महिनोन्‌महिने जातात. वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहालयांत जाऊन तुलना करावी लागते, तिकिटाला पैसे कोण देणार? आणि दातवाल्या राक्षसाचं वर्णन केलं तर मुखपृष्ठ मिळतं, पाच सेंटिमीटरच्या टकलाचं केलं तर चार सहकारी वाचतात. आमच्याकडे डॉक्युमेंटेशनची तीच गत आहे. अप्रेझलमध्ये ‘नवीन फीचर दिलं’ लिहिता येतं, ‘जुन्याचं वर्णन लिहिलं’ लिहिलं तर मॅनेजर दयेनं बघतो. हे सगळं खरं. पण यावरून निघतं काय? वेळ नाही तर नाव देऊ नका! ‘आल्बर्टातला छोटा घुमट, संग्रहालय अमुक, क्रमांक तमुक’ एवढंच म्हणा. कुणाचं काही बिघडत नाही. उलट ते रूक्ष, कंटाळवाणं लेबलच लोकांना आठवण देत राहील की इथलं काम बाकी आहे. क्रमांकाचं ट्रम्प कार्ड कुणी छापत नाही.

मित्राचा शेवटचा युक्तिवाद असा होता की दहा जणांनी वापरलं की नाव चालतं, भाषा अशीच चालते. भाषेत चालत असेल. पण इथे दहा जण म्हणजे दहा साक्षीदार नाहीत. एकाच यादीच्या नऊ झेरॉक्स आहेत. झेरॉक्सच्या गठ्ठ्याला पुरावा म्हणायचं का?

लिहून ठेवण्याला किती किंमत आहे याचं एक उदाहरण आपल्याच देशातलं आहे. रिचर्ड लायडेकरनं १८७७ साली जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवरच्या हाडांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. हा लायडेकर आपल्या चंद्रपूरकडच्या पिसदुऱ्यातल्या हाडांवरही लिहून गेलाय. पुढे त्या मूळ हाडांचा पत्ताच लागेना. हरवली म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. २०१२ साली धनंजय मोहबे आणि सहकाऱ्यांना कोलकात्यात, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात, त्यातला शेपटीचा मणका परत मिळाला. एवढ्या ढिगातून हाच तो मणका हे ओळखता आलं, कारण लायडेकरनं त्याचं वर्णन आणि चित्र करून ठेवलेलं होतं. आता त्या नावाचं शास्त्रीय वजन उरलेलं नाही, आजच्या अभ्यासकांच्या मते तो मणका वेगळी जात ठरवायला पुरेसा नाही. तरीसुद्धा सव्वाशेपेक्षा जास्त वर्षांनी हाड आपल्या घरी परत आलं. उद्या कॅनडातल्या एखाद्या ड्रॉवरमधला तो छोटा घुमट असाच इकडचा तिकडे झाला, तर ‘हाच मायक्रोसेफेल’ असं छापील काय बघून म्हणणार आहोत आपण?

आणि हे नाव रद्द करायचं म्हटलं तरी पंचाईत आहेच. जे दफ्तरी दाखलच झालेलं नाही ते दफ्तरातून काढणार कसं? जन्माचा दाखला नाही, म्हणून मृत्यूचाही मिळत नाही. एकच रस्ता आहे, कुणीतरी बसून त्या घुमटांवर नीट लिहिणं. ते सेरेनोंनी लिहावं, आल्बर्टातल्या कुणा पीएचडी करणाऱ्यानं लिहावं, शेवटी ‘ही स्टेगोसेरसची पिल्लं आहेत’ असं निघालं तरी चालेल. तोपर्यंत कोशवाल्यांनी आणि कार्डवाल्यांनी एवढं तरी करावं: त्या नावापुढचे आकडे पुसावेत.

आमच्याकडे ते काम रविवारी सकाळी झालं. भाच्याला सगळं सांगितलं, म्हणजे आठ वर्षांच्या माणसाला सांगता येईल तेवढं. तो म्हणाला, "म्हणजे याची टेस्ट घ्यायचीच राहिली." मग त्यानं पेन्सिलबॉक्समधून व्हाइटनर काढला (त्याच्या आईला सांगू नका) आणि लांबी, वजन, वेग, लढाऊपणा या चारही रकान्यांवर फासला. वाळल्यावर प्रत्येकात एकेक प्रश्नचिन्ह काढलं. टकल्याचं चित्र राहू दिलं, कारण ते त्याला आवडतं. नवीन नियम असा ठरला की प्रश्नचिन्हवाल्या पानाला कुठलंही पान हरवतं.

पुढच्या डावात ते पान माझ्याकडे आलं. हरलो.